आधी बघू, मग फोडू

आपल्याकडे घरदुरुस्तीची सुरुवात छिन्नी-हातोडीने होते. भिंतीवर ओल दिसली की मिस्त्री येतो, बोटाच्या पेराने टाइल वाजवून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "उकरावं लागेल." उकरल्यावर काय सापडेल हे त्यालाही माहीत नसतं. चार टाइल्स निघतात, मग आठ, मग अख्खं न्हाणीघर. कधी गळती पहिल्या टाइलपासून हातभर अंतरावर निघते. कधी सापडतच नाही. नवा कोबा होतो, नव्या टाइल्स बसतात आणि पुढच्या आषाढात त्याच जागी रंगाचे पोपडे धरतात. नात्यातल्या, ओळखीतल्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय आणि आता मला त्याचा राग येतो. मिस्त्रीचा नाही, न बघता फोडायच्या आपल्या सवयीचा.

कारण बघण्याची साधनं आता हाताशी आहेत. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा घरबसल्या ऑनलाइन, हजार-दीड हजार रुपयांच्या आत एक बारीक कॅमेरा मिळतो. लांब केबल, टोकाला करंगळीपेक्षा बारीक धातूची नळी, नळीच्या तोंडावर भिंगाभोवती सहा-आठ एलईडी. दुसरं टोक फोनला लावायचं. याला दुकानात एंडोस्कोप म्हणतात, कोणी बोरस्कोप म्हणतं, बरेच जण नुसतं "तो पाइपातला कॅमेरा" म्हणतात. डॉक्टर पोटात घालतात त्याचाच हा गरीब भाऊ. बंद पोकळीत उजेड घालून आत बघावं ही धडपड जुनी आहे. फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टरने १८०६ साली मेणबत्ती, आरसा आणि नळ्या जोडून शरीराच्या आत बघायचं एक यंत्र तयार केलं होतं. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या हजारो तंतूंच्या लवचीक जुडग्यातून चित्र वाहून नेता येतं हे १९५४ साली दाखवून दिलं. आपल्या हातातल्या स्वस्त कॅमेऱ्यात तंतूंचं जुडगं नसतं, प्रतिमा टिपणारी चिपच टोकाशी बसवलेली असते. मोबाइलमुळे त्या चिपा स्वस्त झाल्या, म्हणून हा कॅमेरा सामान्य घरात येऊ शकला.

मात्र घेताना लोक बघतात ते आकडे भलतेच. खोक्यावर "१०८० पी", "एचडी", कधी त्याहून मोठं काहीतरी लिहिलेलं असतं. स्वस्त मालात पुष्कळदा लहान चित्र ताणून मोठं केलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर ६४० बाय ४८० चं प्रामाणिक चित्रसुद्धा गळती ओळखायला पुरतं. मी तीन गोष्टी बघते: टोकाची जाडी, भिंगाचं अंतर आणि केबलचा ताठपणा.

जाडी साधारण साडेपाच किंवा आठ मिलिमीटर मिळते, त्याहून बारीकही मिळतात. आठच्या कॅमेऱ्याचं चित्र सहसा बरं असतं, पण साडेपाचचा जिथे शिरतो तिथे तो शिरत नाही. भिंतीतल्या फटी, नळामागची चकती, स्विचबोर्डाच्या मागून जाणारा पाइप, वॉशिंग मशीनचा ड्रेन फिल्टर अशा जागांसाठी मला साडेपाचचाच भरवशाचा वाटतो. भिंगाचं अंतर कोणी विचारतही नाही. या कॅमेऱ्यांचा फोकस पक्का असतो, बहुतेकांचा तीन ते आठ सेंटिमीटरच्या आसपास. वस्तू त्याहून जवळ आली की सगळं धूसर, लांब गेली की अंधार, कारण ते इवलेसे एलईडी फार लांब उजेड टाकू शकत नाहीत. म्हणून याच कॅमेऱ्याने फॉल्स सीलिंगच्या वरची अख्खी पोकळी बघायला गेलात तर निराशा होणार. तिथे टॉर्च आणि फोनचा नेहमीचा कॅमेरा चांगला.

केबलचा ताठपणा हा तर खरा खरेदीचा मुद्दा. मऊ केबल उभ्या पाइपात वरून सोडायला ठीक, पण आडवी ढकलली की ती तिथल्या तिथे वळकटी होऊन बसते. आत तार असलेली अर्धताठ केबल हाताने वाकवून आकार दिला की तशीच राहते, एखादा काटकोन पार करते. दुसऱ्या काटकोनाला तीही अडते. त्यामुळे नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघरातल्या जाळीखालच्या वळणातून, कॅमेरा घालून इमारतीची ड्रेनेज लाइन तपासू असं कोणी म्हणत असेल तर त्यांना प्रेमाने थांबवा. पाच मीटरची केबल मोठी वाटते म्हणून घेतली जाते, पण घरात दोन मीटरच्या पुढे ती क्वचितच लागते आणि सांभाळायला अवघड जाते.

फोनशी जुळणं हाही भाग आहे. अँड्रॉइडला थेट केबलने जोडणारा घ्यावा. वायफायवाल्यात चित्र मागे राहतं, आणि हात एकीकडे नि चित्र दुसरीकडे अशी गत झाली की बारीक जागेत दिशाच सापडत नाही. काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे बाहेरचं यूएसबी उपकरण फोनला जोडू देणारं सेटिंग, मुळात बंद असतं. "कॅमेरा खराब निघाला" म्हणून परत पाठवलेल्यांपैकी काहींचं दुखणं बहुधा एवढंच असावं. आयफोनवाल्यांनी आपल्या मॉडेलला चालतो का हे घेण्याआधी नीट विचारावं. आणखी एक, खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून उतरणारं कुठलंसं ॲप फोनमधले संपर्क आणि लोकेशन मागत असेल तर ते मुळीच देऊ नका. बहुतेक केबलवाले कॅमेरे यूएसबी कॅमेऱ्याच्या सर्वसामान्य पद्धतीने चालतात. त्यांना साधं, विश्वासाचं कोणतंही यूएसबी कॅमेरा ॲप चालतं.

आता प्रत्यक्ष गोष्ट. आमच्या न्हाणीघराला लागून आईची खोली. तिच्या पलंगाच्या उशाशी, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर भिंत ओली व्हायला लागली. आधी रंग फुगला, मग पोपडे, मग त्याखाली पांढरा लोणा, क्षारांचा थर. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे प्लंबर मामा आले. त्यांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, "ताई, वरच्यांचा कोबा गेलाय. पाणी भिंतीतून उतरतंय. त्यांना सांगा, न्हाणीघर उकरावं लागेल." वरच्या मजल्यावर राहतात त्या काकूंच्या घरी तेव्हा लग्नाची घाई होती. "तुमचं न्हाणीघर फोडा" हा निरोप त्या घरात काय करेल ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "मामा, निरोप नेऊच, पण आधी जरा बघू."

कॅमेऱ्याच्याही आधी एक प्रश्न असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत: ओल कधी वाढते? फ्लॅटमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारी लाइन सदैव भरलेली आणि दाबाखाली असते. ती गळत असेल तर ओल बारा महिने, रात्रंदिवस. सांडपाण्याची लाइन किंवा कोबा गळत असेल तर ओल अंघोळी-धुण्यानंतर वाढते आणि घर चार दिवस बंद राहिलं की उतरते. बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर ती झडीच्या पावसानंतर दिसते, तीही बहुतेक पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीला. आणि काही ओल गळतीची नसतेच, ती हवेतल्या बाष्पाची असते. हे शेवटचं ओळखायला वीतभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला लावून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दोन दिवसांनी बघायचं. खोलीच्या बाजूने थेंब धरले असतील तर दोष हवेचा, भिंतीच्या बाजूने धरले असतील तर पाणी भिंतीतून येतंय.

आमची फॉइल भिंतीच्या बाजूने ओली निघाली. मग मी ओलावा मापणारा दोन सुयांचा मीटर काढला. हा पाचशे-हजारात मिळतो आणि त्याच्याबद्दल गैरसमज फार. तो पाणी मोजत नाही, दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते मोजतो, आणि त्याचे टक्के असतात लाकडासाठी. प्लॅस्टरवर तो "२८ टक्के" म्हणाला तर त्या २८ ला काही अर्थ नाही. वर लोण्यातल्या क्षारांमुळेही वीज सहज वाहते, त्यामुळे वाळलेल्या भिंतीवरही आकडा चढा येतो. पण एकाच भिंतीवर ठिकठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की तो फार उपयोगी पडतो. मी भिंतीवर पेन्सिलीने वीत-वीत अंतराच्या फुल्या मारल्या, प्रत्येक फुलीशेजारी आकडा आणि तारीख लिहिली. आई म्हणाली, "भिंतीवर काय गणितं करतेस!" पण त्या गणितातून एक गोष्ट उघड झाली: वरचा कोबा गळत असता तर छताजवळचे आकडे जास्त आले असते. इथे छताखालची भिंत कोरडी आणि कमरेच्या उंचीला सगळ्यात ओली, तीही अंघोळ असो-नसो, रोज सारखीच. आणि बरोबर त्या उंचीला, भिंतीच्या पलीकडे, आमच्याच न्हाणीघरातला नळ होता.

मामांनी नळाच्या मागची स्टीलची चकती फिरवून मागे सरकवली. पाइप आणि टाइलच्या मधे करंगळीही धड शिरणार नाही एवढी फट. साडेपाच मिलिमीटरचं टोक तिथून आत गेलं. आधी स्क्रीनवर नुसता राखाडी मसाला, मग एक कोपरा, मग पितळेचं एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी जोड. त्याच्या आट्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला. आत मसाला नीट भरलेला नव्हता, म्हणून थोडी पोकळी राहिली होती आणि आम्हाला बघता येत होतं. कॅमेरा आत फिरला की चित्रातली वर-खालची दिशा हरवते. कुठली बाजू जमिनीकडे ते कळत नाही. इथे ती पाण्यानेच सांगितली. आट्यांच्या कडेला एक थेंब लोंबत होता. तो फुगत गेला, त्यात एलईडीचे सगळे ठिपके चमकले, आणि तो सुटला. त्याच्या जागी लगेच दुसरा धरू लागला.

"थांबा ताई, तिथंच धरा," मामा म्हणाले. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला गच्चीवर पाठवलं आणि आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो. थेंब धरायला वेळ लागू लागला, आणखी वेळ लागला, मग धरायचा थांबला. व्हॉल्व्ह उघडला, पुन्हा सुरू. मला त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. कॅमेऱ्याने जागा दाखवली आणि व्हॉल्व्हने कारण सिद्ध केलं. नुसतं चित्र कधी पुरावा नसतं. भिंतीच्या आत दिसलेलं पाणी तिथलंच आहे की दुसरीकडून वाहत आलंय हे त्याला चालू-बंद करून पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही. दोन टाइल्स निघाल्या, एल्बो बदललं. वरच्या काकूंच्या घरचं लग्न निर्विघ्न पार पडलं आणि आमच्या घरून अक्षता गेल्या, निरोप नाही.

सोसायट्यांमधली वर्षानुवर्षांची भांडणं आठवून बघा. किती तरी भांडणं एका ओल्या भिंतीपासून सुरू झालेली असतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची आणि घरातल्या न्हाणीघर-सिंकची ज्याच्या त्याने. नियम स्पष्ट आहे. गळती यांतली नेमकी कुठली हे कोणी बघितलेलं नसतं, म्हणून सभेत आवाज चढतात. कोब्याचा संशय असेल तेव्हा वरच्या न्हाणीघरात खाण्याचा रंग घातलेलं पाणी साठवून ठेवायचं आणि खाली रंग उतरतो का ते बघायचं, एवढी साधी चाचणीसुद्धा शेजारी-शेजारी मिळून करत नाहीत. करावी. दोन्ही घरांनी एकत्र उभं राहून करावी.

विजेच्या बाबतीत मी जास्त सावध आहे आणि इथे स्वस्ताईचा मोह कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर सेल, अडॅप्टर, फ्यूज तपासायला छान आहे. पण त्याच्या १० ॲम्पियरच्या भोकाशेजारी पुष्कळदा "अनफ्यूज्ड" असं छापलेलं असतं. म्हणजे वायर चुकून त्या भोकात राहिली आणि पिना सॉकेटमध्ये गेल्या, तर २३० व्होल्टचं थेट शॉर्ट सर्किट तुमच्या मुठीत. घरच्या विजेसाठी मीटर घ्यायचा तर त्यावर "कॅट थ्री ६०० व्होल्ट" असं लिहिलेलं, ओळखीच्या कंपनीचं, फ्यूज असलेलं यंत्र घ्यावं. थोडे पैसे जास्त जातील. जाऊ द्यावेत.

आपला जुना निऑनचा टेस्टर मात्र अजून पुष्कळ काही सांगतो, फक्त त्याची भाषा कळली पाहिजे. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की नवखा माणूस गोंधळतो. जाणता इलेक्ट्रिशियन म्हणतो, न्यूट्रल तुटलाय: चालू असलेल्या बल्बातून, पंख्यातून फेज पलीकडच्या तुटलेल्या तारेवर येऊन बसलेला असतो. उलट डिजिटल मीटर कधी कधी बंद तारेवरही साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. शेजारून जाणाऱ्या चालू तारेमुळे हा नुसता आभास निर्माण होतो. होल्डरला वायर जोडून बल्ब लावून बघणारे जुने वायरमन याच जागी मीटरवाल्यांपेक्षा बरोबर ठरतात, कारण आभासी व्होल्टेजवर बल्ब पेटत नाही. म्हणून मी मीटर घेतला तरी त्यांच्या बल्बाचा मान ठेवते. हे काम मात्र त्यांचंच. आणि कॅमेऱ्याचं टोक धातूचं असतं, केबल तुमच्या फोनपर्यंत येते, फोन तुमच्या हातात असतो. स्विचबोर्डाच्या मागे, तारा जातात त्या कंड्युइटच्या नळीत कॅमेरा घालायचा तर आधी मेन बंद. याला अपवाद नाही.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल हल्ली खूप विचारणा होते, कारण व्हिडिओंत तो जादूसारखा दिसतो. त्याचं मूळ १८०० सालात आहे, विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथेही उष्णता सापडली. पण या कॅमेऱ्याला भिंतीच्या आतलं काही दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओली जागा गार दिसते ती तिथून पाणी उडत असतं म्हणून. आपल्याकडे भर पावसाळ्यात हवाच बाष्पाने इतकी भरलेली असते की पाणी फारसं उडत नाही, आणि ज्या महिन्यात कॅमेऱ्याची गरज सगळ्यात जास्त त्याच महिन्यात तो सगळ्यात कमी सांगतो. चकचकीत स्टीलकडे रोखला तर तुमचंच शरीर त्यात दिसतं. फोनला लावायचा साधा थर्मल कॅमेराही हजारोंच्या घरात जातो. डीबीमधला, म्हणजे विजेच्या वितरण पेटीतला, तापलेला जोड शोधायला तो उत्तम, पण वर्षातून एकदा लागणारी ही वस्तू विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडे आहे त्या जाणकाराला बोलवावं.

माझा आग्रह असा की प्रत्येक सोसायटीने कार्यालयात एक पेटी ठेवावी. एक साडेपाच मिलिमीटरचा अर्धताठ कॅमेरा, एक ओलाव्याचा मीटर, एक चांगला मल्टिमीटर, फॉइल, चिकटपट्टी, पेन्सिल. नेणाऱ्याने वहीत सही करायची. परत ठेवताना मीटरमधले सेल काढून ठेवायचे, नाहीतर पावसाळ्यात ते फुटून संपर्कपट्ट्या गंजतात. पाइपात घातलेला कॅमेरा साबणाच्या पाण्याने आणि जंतुनाशकाने पुसून ठेवायचा. "आयपी ६७" हे पाणी आत न शिरण्याचं मानांकन लिहिलेलं असलं तरी ते टोकापुरतं, फोनकडचं टोक भिजवायचं नाही. सगळं मिळून एका न्हाणीघराच्या टाइल्सच्या मजुरीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि वापरायला तंत्रज्ञ लागत नाही. आमच्या इमारतीतली बारावीतली मुलगी परवा वॉशिंग मशीनच्या पाइपातून मोजा शोधून देऊन गेली.

मामांनीही स्वतःचा कॅमेरा घेतला. आता ते दुसऱ्याच्या घरी काम करताना मधेच मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतात: "ताई, हा गंज की मसाला?" घरमालकाला स्क्रीन दाखवून मगच ते छिन्नी उचलतात, आणि लोक घासाघीस कमी करतात असं ते सांगतात. कारण काम का करायचं ते दोघांनाही दिसलेलं असतं. सध्या त्यांना ड्रेनेज लाइनसाठी चक्रीवर गुंडाळलेल्या फायबरच्या ताठ दोराचा, मोठ्या डोक्याचा कॅमेरा हवा आहे. त्याची किंमत आमच्यासारख्या छोट्या कॅमेऱ्याच्या कित्येक पट आहे. दोन-तीन प्लंबरांनी मिळून तो घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा असं मी सुचवलंय. दोर वीस मीटरचा घ्यायचा की तीसचा, यावर त्यांचं अजून एकमत व्हायचंय.